आजोबांच्या प्रोस्टेटला एपिड्युरल: डोस किती, कसा आणि किती थांबून

युरोलॉजीच्या ओटीत पोस्टिंग लागलं की भूल विभागातल्या फर्स्ट इयरच्या रेसिडेंटचा प्रश्न ठरलेला असतो, "सर, वय ७५ आहे, किती मिली देऊ?" आणि त्याला एका आकड्यात उत्तर नाहीये. म्हाताऱ्या माणसात एपिड्युरलचा, म्हणजे मणक्यातल्या पडद्याबाहेरच्या जागेत द्यायच्या भुलीचा, डोस आधी ठरवून एकदम टाकायचा नसतो, तो थोडा थोडा देत, लेव्हल (बधिरपणा कुठपर्यंत चढला) बघत, परत थोडा देत वर न्यायचा असतो. आणि लेव्हल वर कुठे गेली एवढंच बघून चालत नाही, खाली सेक्रल भाग (बसायच्या जागेकडच्या नसांचा) धरला का हे प्रोस्टेटमध्ये जास्त महत्त्वाचं. खालचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे. आणि हे वाचून एकट्याने केस घ्यायला जाऊ नका, सिनियर शेजारी असतानाच करायचं.

आधी ठरवा, एपिड्युरल हवंय का

साध्या टीयूआरपीला, म्हणजे दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडायच्या ऑपरेशनला, स्पायनलच (मणक्यातल्या पाण्यात दिलेलं एकच इंजेक्शन) बरं. लवकर चढतं, सेक्रल भाग पक्का बधिर होतो आणि औषध जेमतेम २ ते २.५ मिली लागतं. मग एपिड्युरल कधी? एक, ग्लँड खूप मोठी आहे आणि ओपन करायचंय, म्हणजे पोटावर खालच्या बाजूला छेद देऊन मूत्राशयातून (फ्रेयर) किंवा प्युबिक हाडाच्या मागून (मिलिन). इथे नंतरचं दुखणं भरपूर असतं, ब्लॅडर स्पाझम असतात, एपिड्युरलचा कॅथेटर (बारीक नळी) ठेवला तर पेशंट दोन दिवस सुखात राहतो. दोन, हार्ट नाजूक आहे, ईएफ (हार्टची पंप करायची ताकद) कमी आहे, एकदम बीपी पडणं परवडणार नाही, तिथे हळूहळू चढवलेला ब्लॉक स्पायनलच्या झटक्यापेक्षा सोयीचा पडतो. सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस (हार्टची झडप खूप अरुंद) असेल तर मात्र हा निर्णय तुमचा नाही, कन्सल्टंटचा. रोबोटिक किंवा लॅप्रोस्कोपिक रॅडिकल प्रोस्टेटेक्टॉमी जीएमध्येच (पूर्ण भूल) होते, तिथे हा लेख लागू नाही.

जाता जाता, हा फ्रेयर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला सर्जन, आपल्याकडे मुतखड्याची ऑपरेशनं करून नाव कमावलं आणि इंग्लंडला परत गेल्यावर १९००च्या आसपास हे प्रोस्टेटचं ऑपरेशन गाजवलं. मिलिनचं १९४५चं. जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे लेझर वगैरे नाही आणि पेशंट अगदी लघवी तुंबल्यावरच येतो, तिथे शंभर ग्रॅमच्या पुढची ग्लँड आजही ओपन निघते.

पीएसीला (भुलीआधीच्या तपासणीला) काय विचारायचं

बीपी, शुगर, दमा, ईसीजी, इको हे तुम्ही बघालच. प्रोस्टेटच्या पेशंटमध्ये जास्तीच्या चार गोष्टी बघायच्या.

पाठ दुखते का? पीएसए (प्रोस्टेटची रक्ताची टेस्ट) वाढलेला आहे आणि आजोबा म्हणतायत गेले दोन महिने कंबर रात्री झोपू देत नाही, तर आधी मणक्याचं इमेजिंग. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात जातो आणि तिथे सुई घालायला कोणाला आवडणार नाही. पायात ताकद आधीच कमी आहे का, हेही लिहून ठेवा, नाहीतर उद्या तेच तुमच्या नावावर येईल.

रक्त पातळ करायच्या गोळ्या. "बीपीची गोळी घेतो" म्हणणाऱ्या आजोबांच्या पिशवीत क्लोपिडोग्रेल निघतं, त्यामुळे पिशवी उघडून स्ट्रिप स्वतः बघा. ॲस्पिरिन एकटी असेल तर एपिड्युरल अडत नाही. क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी बंद हवं, वॉरफरिन ५ दिवस आणि आयएनआर (रक्त गोठण्याची टेस्ट) नॉर्मलला आलेला, ॲपिक्साबॅन रिव्हारोक्साबॅन फुल डोसमध्ये असेल तर ७२ तास, डाबिगॅट्रान किडनी कशी आहे त्यावर ३ ते ५ दिवस, एनॉक्सापॅरिनचा प्रोफायलॅक्टिक डोस असेल तर १२ तास आणि ट्रीटमेंट डोस असेल तर २४ तास. नुकताच स्टेंट टाकलेला असेल तर गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, कार्डिऑलॉजिस्टला फोन.

टॅम्सुलोसिन (प्रोस्टेटची गोळी) आणि त्याचे भाऊबंद. जवळजवळ प्रत्येक आजोबा यावर असतात, ब्लॉक चढला की बीपी पडायला यांचा हातभार लागतो. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल त्या सकाळी बहुतेक ठिकाणी देत नाहीत, बीटा ब्लॉकर मात्र चालू ठेवतात.

चौथं, क्रिएटिनिन आणि सोडियम. बरेच दिवस लघवी अडकलेली असते, किडनीवर ताण आलेला असतो, आणि टीयूआरपी असेल तर आधीचं सोडियम माहीत नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. लघवीचा कॅथेटर बरेच दिवस असेल तर युरीन कल्चर बघा, अँटिबायोटिक सुई टोचायच्या आधी जाऊ द्या.

आणि हो, ऐकू येतं का ते बघा. कानाचं मशीन ओटीबाहेर काढून ठेवतात आणि मग आपण बोंबलत बसतो "आजोबा पाय हलवा". मशीन कानातच राहू द्या.

कुठून कुठपर्यंत बधिर हवंय

टीयूआरपीत ब्लॅडर पाण्याने फुगतं, ते जाणवू नये म्हणून वर टी-१०, म्हणजे बेंबीपर्यंत (टी, एल, एस हे मणक्यातून निघणाऱ्या छातीच्या, कमरेच्या आणि सेक्रल नसांचे नंबर). प्रोस्टेट, ब्लॅडर नेक आणि युरेथ्रा यासाठी खाली एस-२ ते एस-४. ओपनला वर थोडं जास्त, टी-८ पर्यंत गेलं तर बरं, कारण ओढाताण होते.

गडबड अशी की एपिड्युरलमध्ये एल-५, एस-१ ची मुळं जाड, औषध आत शिरायला वेळ लागतो, आणि सुई असते एल-३-४ ला, त्यामुळे वर छान टी-८ येतं आणि खाली पेशंट स्कोप घालताना ओरडतो. नवीन लोक इथेच फसतात, बेंबीला पिन टोचून "ओके सर" म्हणून मोकळे होतात.

टीयूआरपीत टी-१० च्या फार वर जायचं पण नाही. ब्लॅडर फाटलं, पाणी पोटात गेलं, तर जागा पेशंट "खांदा दुखतोय", "पोट दुखतंय" असं सांगतो. ब्लॉक उंच गेला तर ती बातमी आपल्याला मिळत नाही.

ट्रॉली लावताना

एपिड्युरलला प्लेन बुपिवाकेन किंवा प्लेन रोपिवाकेन, हेवी (साखर मिसळलेलं, स्पायनलचं) नाही. हेवीच्या ४ मिलीच्या ॲम्प्यूल वेगळ्या ठेवा. लिग्नोकेन २ टक्के ॲड्रिनॅलिनवालं घ्यायचं तर लेबल वाचा, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं बघा. आणि ट्रॅनेक्सामिक ॲसिड, जे प्रोस्टेटच्या ऑपरेशनात रक्तस्राव कमी व्हावा म्हणून हल्ली सर्रास वापरतात, त्याची ॲम्प्यूल बुपिवाकेनसारखी दिसते आणि चुकून मणक्यात गेली तर फिट्स येतात, पेशंट दगावतो. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने यावर खास इशारा दिला होता. ती ॲम्प्यूल आपल्या ट्रेमध्ये नकोच, सिस्टरना सांगून वेगळ्या कप्प्यात. प्रत्येक सिरिंजवर लेबल, मग कितीही घाई असो.

१८ नंबरची चांगली व्हेन, ऑक्सिजन, सक्शन, इंट्युबेशनचं सामान, मेफेंटरमिन किंवा फेनिलेफ्रिन (बीपी वाढवायची औषधं) भरून तयार, ॲट्रोपिन, आणि २० टक्के इंट्रालिपिड (बधिर करायचं औषध रक्तात गेलं तर लागतं) कुठल्या कपाटात आहे ते माहीत हवं. "असेल कुठेतरी" चालत नाही.

सुई

म्हाताऱ्या पाठीत मधली लिगामेंटं कडक झालेली असतात, आजोबांना वाकता येत नाही, मणक्यांमधली फट दिसत नाही. दोनदा मिडलाइनला हाड लागलं की हट्ट सोडा आणि पॅरामीडियन जा, स्पायनस प्रोसेसच्या खालच्या कडेपासून साधारण १ ते १.५ सेंमी बाजूला, सुई थोडी आत आणि वर. एल-३-४ किंवा एल-२-३. लॉस ऑफ रेझिस्टन्स (स्पेस मिळाली की सिरिंजचा अडथळा सुटतो ते) सलाईनने करा, हवेने करणारे पण आहेत, पण हवेचे बुडबुडे राहिले की ब्लॉक पॅची होऊ शकतो. कॅथेटर आत ३ ते ५ सेंमी, जास्त घातला तर एका बाजूला पळतो. किती सेंमीला स्पेस मिळाली आणि त्वचेपाशी कॅथेटर कितीला फिक्स केला, हे दोन्ही लगेच शीटवर लिहा.

टेस्ट डोस आणि त्याची मर्यादा

नेहमीचा टेस्ट डोस ३ मिली, दीड टक्का लिग्नोकेन ॲड्रिनॅलिनसह, म्हणजे ४५ मिग्रॅ लिग्नोकेन आणि १५ मायक्रोग्रॅम ॲड्रिनॅलिन. कॅथेटर रक्तवाहिनीत असेल तर मिनिटाच्या आत पल्स २० ने वाढायला हवी. पण आजोबा मेटोप्रोलॉलवर असतील तर पल्स वाढतच नाही, आणि वयामुळेही प्रतिसाद मंद असतो. तेव्हा बीपीकडे बघा, वरचा आकडा १५-२० ने उडाला तरी संशय घ्या. प्रत्येक वेळी आधी सिरिंज मागे ओढून बघायची, कॅथेटर खाली सोडून रक्त किंवा पाणी येतंय का बघायचं. औषध सीएसएफमध्ये (मणक्यातल्या पाण्यात) गेलं असेल तर ३ ते ५ मिनिटांत पाय जड होतात, म्हणून ५ मिनिटं पूर्ण थांबून अंगठा हलवायला सांगा. अगदी थकलेल्या पेशंटला काही सिनियर २ मिलीच देतात, कारण ४५ मिग्रॅ स्पायनलमध्ये गेलं तरी त्याचं बीपी कोसळू शकतं.

खरं सांगायचं तर आजोबांमध्ये पुढचा प्रत्येक डोस हा टेस्ट डोसच समजायचा.

आता मुख्य डोस

तरुण माणसात एका सेगमेंटला (एका नसेच्या पट्ट्याला) साधारण १ ते १.५ मिली धरतात. वय वाढलं की तेवढंच औषध जास्त वर चढतं, कारण मणक्यांच्या बाजूची छिद्रं आवळलेली असतात, औषध बाहेर गळत नाही, आतल्या चरबीचं प्रमाण बदललेलं असतं आणि नसांचे तंतू पण कमी झालेले असतात. म्हणून सत्तरीच्या पुढे व्हॉल्यूम ३० ते ५० टक्के कमी, म्हणजे सेगमेंटला अंदाजे ०.५ ते ०.८ मिली. बुटका आणि वाळलेला पेशंट असेल तर खालच्या आकड्यापासून सुरुवात.

एक नमुना घेऊ. वय ७४, वजन ५८ किलो, उंची १६२, ग्लँड मोठी, ओपन करायचंय, बीपीच्या गोळ्यांवर, ईएफ ४५. टी-१० ते एस-५ मोजले तर १३ सेगमेंट होतात, ०.७ ने गुणलं तर ९ मिली, टी-८ हवं तर अजून दोन सेगमेंट, म्हणजे साडेदहा. टेस्ट डोस धरून १० ते १२ मिलीत काम व्हायला हवं.

आता हे १२ मिली एकदम नाही. टेस्ट डोसनंतर ५ मिनिटं गेली, सगळं ठीक आहे, मग ३ मिली ०.५ टक्के बुपिवाकेन, सोबत ५० मायक्रोग्रॅम फेंटॅनिल, पेशंट फारच अशक्त असेल तर २५. ५ मिनिटं थांबा, दर अडीच मिनिटाला बीपी, लेव्हल बघा. परत ३ मिली. परत थांबा. इथपर्यंत टेस्ट डोस धरून ९ मिली गेले, बुपिवाकेन पूर्ण काम दाखवायला १५ ते २० मिनिटं घेतं, आजोबांमध्ये कधी जास्तही, त्यामुळे शेवटचे ३ मिली द्यायच्या आधी १० मिनिटं तरी हात बांधून बसा. घाईत "चढलं नाही" म्हणून औषध टाकलं जातं आणि अर्ध्या तासाने लेव्हल टी-४ ला दिसते, पल्स ४५, बीपी ७०, हा प्रकार इथेच जन्माला येतो.

लवकर हवं असेल तर २ टक्के लिग्नोकेन ॲड्रिनॅलिनवालं, १० ते १५ मिनिटांत बसतं, बरेच जण निम्मं लिग्नो निम्मं बुपी करतात. रोपिवाकेन ०.७५ टक्के पण छान, हार्टला बुपिवाकेनपेक्षा सौम्य, पाय थोडे कमी जड होतात.

मॅक्झिमम डोसची बेरीज कागदावर करा. बुपिवाकेन २ मिग्रॅ प्रति किलो धरलं तर या आजोबांना ११६ मिग्रॅ, आपण तीन वेळा मिळून बुपिवाकेन ९ मिली दिलं म्हणजे ४५ मिग्रॅ, भरपूर जागा आहे. लिग्नोकेन ॲड्रिनॅलिनसह ७ मिग्रॅ प्रति किलो. पण दोन्ही दिले तर दोघांचा विषारीपणा एकमेकांत मिसळतो, बुपीचा कोटा वेगळा आणि लिग्नोचा वेगळा असं नसतं. आणि हे आकडे धडधाकट माणसासाठी आहेत, लिव्हर आणि हार्ट थकलेलं असेल तर स्वतःहून कमी धरा.

लेव्हल कशी बघायची

स्पिरिटचा बोळा. आधी कपाळाला किंवा खांद्याला लावून "आजोबा, हे गार लागतं ना?" विचारायचं, मग खालून वर जायचं. "दुखतंय का" विचारू नका, घाबरलेला माणूस सगळ्यालाच हो म्हणतो. दोन्ही बाजू बघा. मग खाली या, करंगळीच्या बाजूचं पाऊल म्हणजे एस-१, मांडीची मागची बाजू एस-२, बसायची जागा एस-३-४. लाज वाटते म्हणून हे कोणी बघत नाही, पण प्रोस्टेटमध्ये खरी परीक्षा तिथेच आहे.

सेक्रल भाग जागा राहिला तर काय? डोक्याकडची बाजू २०-३० डिग्री वर करून ३ मिली लिग्नोकेन द्या आणि १० मिनिटं थांबा. पोझिशनने फार जादू होते असं नाही, खरा फरक वेळेने आणि थोड्या ज्यादा औषधाने पडतो. एक बाजू राहिली तर कॅथेटर १ सेंमी मागे ओढून परत थोडा डोस. तरीही नाही धरलं तर जीए, किंवा सिनियर अगदी कमी डोसचं स्पायनल देतील, पण एपिड्युरल भरलेलं असताना स्पायनलचा नेहमीचा डोस दिला तर ब्लॉक भलताच वर जातो, त्यामुळे हा प्रयोग तुम्ही करू नका.

माझं मत विचाराल तर हार्टवाल्या आजोबांना सरळ सीएसई (स्पायनल आणि एपिड्युरल एकत्र) करा. स्पायनलमध्ये ५ ते ७.५ मिग्रॅ हेवी बुपिवाकेन आणि २५ मायक्रोग्रॅम फेंटॅनिल, सेक्रल भागाची चिंता मिटते, आणि वर कमी पडलं तर कॅथेटरमधून २-३ मिलीचे छोटे डोस. एवढ्या कमी स्पायनलने बीपी सहसा हाताबाहेर जात नाही. प्लेन एपिड्युरलवर टीयूआरपी ओढत नेण्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत.

बीपी पडलं तर

पडणारच, तयारी ठेवा. सलाईन आधी लिटरभर ओतून ठेवायची जुनी सवय इथे नको, टीयूआरपीत ग्लायसिन (ब्लॅडर धुवायचं पाणी) रक्तात जाणार असतं, हार्ट कमजोर असतं, ब्लॉक उतरला की ते सगळं पाणी फुप्फुसात दिसतं. ब्लॉक चढता चढता ३०० ते ५०० मिली पुरे, बाकी काम औषधाने. मेफेंटरमिन ३ ते ६ मिग्रॅ, किंवा पल्स चांगली असेल तर फेनिलेफ्रिन ५० मायक्रोग्रॅम. पल्स ५० च्या खाली आणि बीपी पण खाली असेल तर फेनिलेफ्रिन नको, ॲट्रोपिन ०.६ आणि मेफेंटरमिन. नेहमीचं बीपी १६० असलेल्या माणसाला ११० पण कमीच, आधीच्या आकड्याच्या २०-२५ टक्क्यांत ठेवा. लिथोटॉमीतून (पाय वर बांधलेली पोझिशन) पाय खाली घेताना बीपी परत एकदा पडतं, वॉर्डबॉय मामांना सांगा एक एक पाय हळू, आणि त्या वेळी मोबाईल बाजूला ठेवून मॉनिटरकडे बघा.

पेशंट अचानक "तोंडाची चव बदलली", "कानात आवाज येतोय" म्हणाला, बडबडायला लागला, फिट आली, तर औषध रक्तात गेलंय. डोस बंद, ऑक्सिजन, मदतीला हाक, फिट असेल तर मिडाझोलम, आणि २० टक्के लिपिड १.५ मिली प्रति किलो, मग ०.२५ मिली प्रति किलो प्रति मिनिट. या वेळी ॲड्रिनॅलिन लागलंच तर किलोला १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी.

ऑपरेशन चालू असताना

झोपेचं औषध शक्यतो नकोच, फार तर मिडाझोलम अर्धा ते एक मिग्रॅ. जागा आजोबा हा तुमचा सगळ्यात चांगला मॉनिटर आहे. ग्लायसिन वापरून टीयूआरपी चाललंय आणि पेशंट जांभया देतोय, अस्वस्थ झालाय, मळमळतंय, "नीट दिसत नाही" म्हणतोय, तर आधी सोडियम पाठवा, टीयूआरपी सिंड्रोम (धुवायचं पाणी रक्तात जाऊन सोडियम पडणं) आहे का बघा. सर्जनला सांगून ऑपरेशन आटपतं घ्या, फ्युरोसेमाइड, लक्षणं जोरात असतील तर ३ टक्के सलाईन, सिनियरला विचारून. ग्लायसिनची बाटली ६० सेंमीच्या वर नको आणि तासाभरात रिसेक्शन संपावं, हे सर्जनला आठवण करून द्यायला लाजू नका. बायपोलर टीयूआरपीत नॉर्मल सलाईन वापरतात, तिथे सोडियमची भीती नाही, पण पाणी अंगात जातंच.

थंडी वाजते, कारण धुवायचं पाणी गार. पाणी कोमट, अंगावर पांघरूण. आणि बाजूच्या भिंतीजवळ कापताना मांडी झटका देऊ शकते, तो ऑब्ट्युरेटर नर्व्हचा खेळ, एपिड्युरलने थांबत नाही, सर्जन तुमच्याकडे बघेल तेव्हा एवढं माहीत असू द्या.

टॉपअप (कॅथेटरमधून पुढचा डोस): लिग्नोकेनला साधारण तासाने, बुपिवाकेनला दीड ते दोन तासाने, लेव्हल दोन सेगमेंट खाली आली की. पहिल्या डोसच्या एक तृतीयांश ते निम्मा, म्हणजे वरच्या आजोबांना ३ ते ५ मिली, आणि तोही तुकड्यात. वयामुळे ब्लॉक जास्त टिकतो, घड्याळ बघून नाही, लेव्हल बघून द्या.

वॉर्डात

ओपनच्या पेशंटला ०.१२५ टक्के बुपिवाकेन, मिलीला २ मायक्रोग्रॅम फेंटॅनिल, तासाला ४ ते ६ मिली. पंप नसेल तर ५-६ मिलीचे बोलस, पण प्रत्येक बोलसनंतर पहिली २० मिनिटं बीपी कोणीतरी बघायला हवं, नसेल तर बोलस देऊ नका. एपिड्युरल मॉर्फिन द्यायचं तर १ ते २ मिग्रॅच, आणि २४ तास श्वास मोजायचे, कारण श्वास मंदावणं कित्येक तासांनी येतं. मॉर्फिन दिलेल्या पेशंटला वरून झोपेची गोळी देऊ नका म्हणून केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहा.

पोट फुगलेलं, आजोबा तळमळतायत, तर लगेच टॉपअप नको. आधी इरिगेशन (ब्लॅडर धुणं) चालू आहे का, लघवीच्या कॅथेटरमध्ये क्लॉट अडकलाय का बघा, बहुतेक वेळा तेच असतं.

पाय दर चार तासाला हलवून घ्या. ब्लॉक उतरायला हवा होता आणि उतरत नाहीये, किंवा उतरलेला परत जड झाला, पाठ दुखायला लागली, तर इन्फ्युजन बंद आणि सिनियरला फोन, तात्काळ एमआरआय. हिमॅटोमा (मणक्यात साठलेलं रक्त) असेल तर ८ तासांच्या आत दाब काढला तर पाय परत यायची शक्यता चांगली, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

एनॉक्सापॅरिन दिवसातून एकदा चालू असेल तर एपिड्युरल कॅथेटर शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी काढा आणि पुढचा डोस काढल्यावर ४ तासांनी. सर्जरीच्या टीमला हे तोंडी सांगून उपयोग नाही, ड्रग चार्टवर वेळेसकट लिहा. काढल्यावर टोक पूर्ण आलंय का बघा, "टिप इंटॅक्ट" लिहा, सही, वेळ.